नेहमी असेच घडते, की असेच घडायला हवे?

विटेनबर्ग विद्यापीठात शिकवणाऱ्या योहान टिटियसने १७६६ मध्ये शार्ल बोने या स्विस निसर्गअभ्यासकाच्या पुस्तकाचे जर्मन भाषांतर केले. ते करताना त्याने मूळ पुस्तकात नसलेला एक परिच्छेद गुपचूप मध्ये घातला. त्यात ग्रहांच्या अंतरांचे एक सोपे गणित होते. ०, ३, ६, १२, २४, ४८, ९६ असे आकडे मांडायचे, प्रत्येकात ४ मिळवायचे आणि १० ने भागायचे. उत्तरे येतात ०.४, ०.७, १.०, १.६, २.८, ५.२ आणि १०.०. पृथ्वी आणि सूर्य यांच्यातले अंतर १ धरले, तर बुध ०.३९ वर आहे, शुक्र ०.७२ वर, मंगळ १.५२ वर, गुरू ५.२ वर आणि शनी साडेनवाच्या जरा पुढे. म्हणजे गणित जवळपास जुळते. फक्त २.८ च्या जागी तेव्हा काहीच नव्हते.

योहान बोडे या खगोलशास्त्रज्ञाने १७७२ मध्ये हे गणित आपल्या पुस्तकात घेतले आणि ते बोडेचा नियम म्हणून गाजू लागले. पुढे १७८१ मध्ये विल्यम हर्शेलला युरेनस सापडला. नियमाप्रमाणे शनीपलीकडचा ग्रह १९.६ वर हवा होता, तो १९.२ वर निघाला. १ जानेवारी १८०१ रोजी पालेर्मोच्या वेधशाळेत जुझेप्पे पियात्सीला सेरेस दिसला. त्याचे अंतर २.७७, म्हणजे रिकामी जागाही भरली. आता शंका घ्यायची तरी कशाला?

शंकेचे कारण १८४६ मध्ये सापडले. युरेनस आपल्या अपेक्षित मार्गावरून किंचित ढळत होता. फ्रान्समध्ये ल व्हेरिए आणि इंग्लंडमध्ये जॉन अ‍ॅडम्स या दोघांनी स्वतंत्रपणे हिशेब मांडला, की पलीकडचा एखादा अज्ञात ग्रह त्याला ओढत असावा. हिशेबाची सुरुवात करताना त्या ग्रहाचे अंतर दोघांनीही बोडेच्या नियमावरूनच धरले होते. त्या वर्षी २३ सप्टेंबरच्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत खगोलशास्त्रज्ञ गालेला नेपच्यून दिसला. नियमाप्रमाणे तो ३८.८ च्या आसपास हवा होता. प्रत्यक्षात निघाला ३० वर. ज्या नियमाचा आधार घेऊन शोध सुरू झाला, तोच नियम शोध लागताच बाद झाला.

याच गोष्टीत दुसराही एक नियम आहे, न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा. युरेनस ढळतोय हे दिसले तेव्हा बहुतेक खगोलशास्त्रज्ञांनी न्यूटनला सोडले नाही, उलट त्याच्या भरवशावर न दिसणारा ग्रह शोधायला घेतला. बोडेचा नियम मात्र एका ग्रहाने मोडला तशी त्याची रवानगी योगायोगांच्या यादीत झाली. युरेनसचे ते ढळणे सोडले, तर नेपच्यून सापडेपर्यंत दोन्ही नियम आकड्यांशी जुळत होते. मग एकावर एवढा विश्वास आणि दुसऱ्यावर एवढा कमी, हे कसे? ‘आजवर नेहमी असे घडले’ आणि ‘असेच घडायला हवे’ यांत नेमका काय फरक आहे? सत्तामीमांसेत, म्हणजे जगात मुळात काय काय आहे याचा विचार करणाऱ्या तत्त्वज्ञानाच्या शाखेत, या प्रश्नावर आजही जोरात वाद चालतो.

वाद समजावून सांगताना एक जोडी हटकून दिली जाते. पहिले विधान : सोन्याचा एकही भरीव गोळा एक किलोमीटर व्यासाचा नाही. दुसरे विधान : युरेनियम-२३५ चा एकही भरीव गोळा एक किलोमीटर व्यासाचा नाही. विश्वाच्या साऱ्या इतिहासात दोन्ही विधाने खरी ठरली असे समजू. माणसाने आजवर खाणींतून काढलेले सगळे सोने दोन लाख टनांच्या थोडे वर जाते. ते एकत्र वितळवले तर गोळ्याचा व्यास तीस मीटरही भरणार नाही. पण हे केवळ सोने कमी आहे म्हणून. पुरेसे सोने मिळाले असते तर तसा गोळा करायला निसर्गाची आडकाठी नव्हती. युरेनियम-२३५ चे तसे नाही. जेमतेम सतरा सेंटिमीटर व्यासाचा, साधारण पन्नास किलोचा गोळा झाला, की त्यात शृंखला-अभिक्रिया आपोआप चालू राहते. किलोमीटरभर गोळा व्हायच्या कितीतरी आधीच त्याच्या ठिकऱ्या उडतील. वाक्यरचना तीच, खरेपणा तोच; तरी एक योगायोग आणि दुसरा नियमाचा परिणाम.

स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७३९ साली प्रसिद्ध होऊ लागलेल्या आपल्या ग्रंथात या फरकाच्या मुळावरच घाव घातला होता. एका घटनेमागून दुसरी येते, पुन्हा येते, दरवेळी येते, एवढेच अनुभवाला दिसते. तिने ‘यायलाच हवे’ ही सक्ती कोणालाही कधी दिसलेली नाही. पाहून पाहून मनाला सवय लागते आणि ती सवय माणूस जगावर चढवतो. ह्यूमचे हे म्हणणे जसेच्या तसे मान्य केले, तर सोन्याच्या आणि युरेनियमच्या गोळ्यांत भेद करायला आधारच उरत नाही. वैज्ञानिक तर हा भेद रोज करतात.

ह्यूमचा पक्ष न सोडता ही अडचण सोडवण्याचा सर्वांत गाजलेला प्रयत्न अमेरिकन तत्त्वज्ञ डेव्हिड लुईस यांचा. बीजकल्पना केंब्रिजच्या फ्रँक रॅम्सी यांच्या १९२८ च्या टिपणातली. रॅम्सी १९३० मध्ये, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी वारले. लुईस यांनी ती कल्पना १९७३ पासून वाढवत नेली. त्यांच्या मते जग हे ठिपक्यांच्या रांगोळीतल्या नुसत्या ठिपक्यांसारखे आहे. इथे अमुक वस्तुमान, तिथे तमुक विद्युत्‌भार, आणि मध्ये अंतरे. ठिपक्यांना जोडणारी, त्यांना जागच्या जागी बसायला भाग पाडणारी रेषा जगात नाही. पण सगळ्या ठिपक्यांचा गोषवारा कमीत कमी शब्दांत, जास्तीत जास्त माहिती देऊन सांगायचा ठरवला, तर जो सर्वोत्तम गोषवारा निघेल त्यातली सूत्रे म्हणजे निसर्गनियम.

या दृष्टीने युरेनियमचे विधान अणुभौतिकीच्या मोजक्या सूत्रांतून आपोआप निघते, म्हणून ते नियमांच्या घरात बसते. सोन्याचे विधान यादीत घातले तर यादी लांबते आणि हाती विशेष काही येत नाही, म्हणून ते बाहेर. बोडेचा नियमही असाच. नेपच्यून ३८.८ वर सापडला असता तरी तो एका सूर्यमालेतल्या मोजक्या वस्तूंबद्दलच काहीतरी सांगत राहिला असता. न्यूटनचे सूत्र भरतीओहोटी, धूमकेतू, तोफेचा गोळा आणि चंद्र यांना एकदम हाताशी धरते.

हे उत्तर देखणे आहे, पण ‘कमीत कमी शब्दांत’ म्हणजे कोणत्या शब्दांत? नेल्सन गुडमन यांनी १९५५ च्या पुस्तकात याच जातीचे कोडे घातले होते. समजा ‘हिळा’ असा एक गुणधर्म बनवला : जी वस्तू इसवी सन ३००० पूर्वी पाहिली गेली आणि हिरवी निघाली ती हिळी, जी त्यापूर्वी पाहिलीच गेली नाही पण निळी आहे, तीही हिळी. आजवर पाहिलेला प्रत्येक पाचू हिरवा आहे, म्हणजे तो हिळाही आहे. मग ‘सर्व पाचू हिरवे’ आणि ‘सर्व पाचू हिळे’ या दोन विधानांना पुरावा सारखाच. तरी दुसऱ्या विधानावर कोणी पैज लावणार नाही. हिळा हा बनावट गुणधर्म आहे आणि हिरवा खरा, असे म्हणावे तर खऱ्याखोट्याचा निवाडा कोण करणार? सोयीस्कर बनावट शब्द हाताशी धरले तर कोणताही गोषवारा एका ओळीत मावेल.

लुईस यांनी १९८३ च्या निबंधात ही अडचण सरळ मान्य केली. वस्तुमान, विद्युत्‌भार यांसारखे काही थोडे गुणधर्म खरोखर नैसर्गिक आहेत, बाकीचे माणसाने जुळवलेले. गोषवारा फक्त नैसर्गिक गुणधर्मांच्या भाषेत लिहायचा. म्हणजे नियमांमधली सक्ती नाकारायला निघालेल्या विचारवंतालाही गुणधर्मांच्या दाराशी यावे लागले. नियम म्हणजे काय, हा प्रश्न गुणधर्म म्हणजे काय, या प्रश्नापासून सुटा करता येत नाही.

ऑस्ट्रेलियात सिडनीला एकेकाळी शिकवणारे डेव्हिड आर्मस्ट्राँग गुणधर्मांपासूनच सुरुवात करतात. विश्वातला कोणताही इलेक्ट्रॉन घ्या, त्याचा विद्युत्‌भार तोच. आर्मस्ट्राँग म्हणतात, दोन इलेक्ट्रॉनांचे भार एकमेकांसारखे असतात एवढेच म्हणून भागत नाही. दोन्हीकडे अक्षरशः एकच गुणधर्म हजर असतो. अशा अनेक ठिकाणी एकाच वेळी असणाऱ्या गोष्टीला तत्त्वज्ञानात सामान्य म्हणतात. आर्मस्ट्राँग, फ्रेड ड्रेट्स्की आणि मायकेल टूली या तिघांनी १९७७ ते १९८३ या काळात मांडलेले मत असे : निसर्गनियम हा वस्तूंबद्दलचा नसतोच, तो सामान्यांमधला संबंध असतो. एक सामान्य दुसऱ्या सामान्याला आणतेच. युरेनियम-२३५ असणे आणि अणुकेंद्र फुटण्याची विशिष्ट तऱ्हा असणे यांत असा संबंध आहे. सोन्याचा गोळा असणे आणि किलोमीटरहून लहान असणे यांत तो नाही.

लुईस यांनी यावर मारलेला टोमणा प्रसिद्ध आहे. या संबंधाला ‘अनिवार्यता’ असे नाव दिले म्हणून तो अनिवार्य होत नाही. आर्मस्ट्राँग आडनावाच्या माणसाचे दंड आडनावामुळे बळकट होत नाहीत, तसेच हे. मथितार्थ असा, की वर सामान्यांमध्ये जोडणी आहे एवढ्यावरून खाली वस्तूंनी तसे वागलेच पाहिजे हे कसे निघते, ते आर्मस्ट्राँग दाखवत नाहीत. बास व्हॅन फ्रासेन यांनीही १९८९ मध्ये याच जागेवर बोट ठेवले.

सामान्य आणि नियम यांची ही सांगड भारतीय तर्कशास्त्राच्या वाचकाला अजिबात परकी वाटणार नाही. अन्नंभट्टाचा सतराव्या शतकातला ‘तर्कसंग्रह’ घ्या. यशवंत वासुदेव आठल्ये यांनी संपादलेली आणि महादेव राजाराम बोडस यांच्या प्रस्तावनेची त्याची आवृत्ती १८९७ मध्ये मुंबई संस्कृत मालेत निघाली आणि संस्कृत शिकणाऱ्यांच्या पिढ्या तिच्यावर पोसल्या. या चिमुकल्या पुस्तकात धूर आणि अग्नी यांच्या नित्य साहचर्याला व्याप्ती म्हटले आहे : जिथे धूर तिथे अग्नी. पण उलट, जिथे अग्नी तिथे धूर, असे मात्र नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. चुलीत अग्नीबरोबर धूर दिसतो तो ओल्या सरपणामुळे. दोन गोष्टी एकत्र दिसण्यामागे अशी तिसरी अट लपलेली असली, तर तिला उपाधी म्हणतात आणि उपाधी सापडली की व्याप्ती बाद. योगायोग आणि नियम यांना वेगळे करण्याची ही चाळणी नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांनी, कित्येक शतके बारकाईने घासूनपुसून ठेवली होती.

ह्यूमचा आक्षेपही तिथे आधीच येऊन गेला होता. चौदाव्या शतकातल्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त माधवाचार्यांनी चार्वाकाचा युक्तिवाद नोंदवला आहे. भूतकाळातले आणि भविष्यातले सगळे धूर कोणी पाहिलेले नाहीत, न दिसणारी उपाधी नाहीच याची खात्री कोणी देऊ शकत नाही, तेव्हा व्याप्तीचे ज्ञान शक्यच नाही. नैयायिक उदयनाचार्यांनी त्याच्याही तीनेक शतके आधी अशा शंकेखोराला व्यवहाराचा आरसा दाखवला होता : रोजच्या वागण्यात जो अशा संबंधांवर विसंबतो, त्याची शंका त्याच्याच वागण्याशी विसंगत आहे. नव्यनैयायिकांचे आणखी एक उत्तर आर्मस्ट्राँग यांच्या फार जवळचे आहे. एक धूर पाहताना माणसाला धूमत्व हे सामान्यही दिसते आणि त्या सामान्याच्या द्वारे जगातले सगळे धूर एका परीने ज्ञानाच्या कक्षेत येतात. व्याप्ती कळते ती या मार्गाने.

आर्मस्ट्राँग आणि नैयायिक यांच्यातले साम्य इथेच थांबत नाही. प्रत्येक शब्दामागे एक सामान्य असते असे आर्मस्ट्राँग मानत नाहीत. विज्ञान ज्यांची गरज दाखवील तेवढीच सामान्ये खरी. उदयनाचार्यांनी खऱ्या सामान्याला, म्हणजे जातीला, रोखणारे सहा अडसर सांगितले आहेत. आकाश एकच आहे, म्हणून आकाशत्व ही जाती नाही. एकच वस्तुसमूह दोन नावांनी सांगितला तर त्या दोन जाती होत नाहीत. घटत्व आणि कलशत्व वेगळे नाहीत. गुडमन यांचा हिळा गुणधर्म या सभेत टिकला नसता हे नक्की. मात्र दोन्हींच्या कसोट्या सारख्या नाहीत. नैयायिकाची कसोटी तर्काच्या घडणीतून येते, आर्मस्ट्राँग यांची प्रयोगशाळेतून.

गुणधर्म वस्तूंहून वेगळे मानले की मात्र एक नवी डोकेदुखी उभी राहते. लाल रंग आणि जास्वंदीचे फूल या दोन वेगळ्या गोष्टी, तर त्यांना जोडते कोण? वैशेषिकांचे उत्तर होते समवाय, हा एक स्वतंत्र पदार्थच. ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात शंकराचार्यांनी विचारले, की समवाय हासुद्धा त्या दोघांहून वेगळा आहे, तर तो त्यांना कशाने जोडला? दुसऱ्या समवायाने? मग त्याला कोण जोडणार? ही साखळी कुठेच संपत नाही. इंग्लंडमध्ये एफ. एच. ब्रॅडली यांनी १८९३ मध्ये संबंधांवर जवळजवळ हाच हल्ला चढवला आणि तो पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात त्यांच्या नावाने ओळखला जातो. वैशेषिकांनी आधीच म्हणून ठेवले होते, की समवायाला दुसऱ्या जोडणीची गरज नाही, तो स्वतःच्या स्वरूपानेच जोडलेला असतो. आर्मस्ट्राँग यांनी १९९७ च्या पुस्तकात वेगळी वाट धरली. वस्तू आणि गुणधर्म हे आधी सुटे असतात आणि मग जोडले जातात, ही कल्पनाच सोडून द्या. जग ‘हे फूल लाल असणे’ अशा सबंध वस्तुस्थितींचे बनले आहे.

तिसरा पक्ष म्हणतो, की लुईस आणि आर्मस्ट्राँग या दोघांचीही सुरुवातच चुकली. दोघेही गुणधर्मांना मुके समजतात. विद्युत्‌भाराने एका जगात आकर्षण घडवले, दुसऱ्या जगात घडवले नाही, तरी तो विद्युत्‌भारच राहिला असता असे दोघांनाही चालते. एका पक्षात भाराला कामाला लावणारा नियम म्हणजे गोषवारा आणि दुसऱ्यात सामान्यांमधली जोडणी, एवढाच फरक. ब्रायन एलिस, स्टीफन ममफर्ड, अलेक्झांडर बर्ड यांना हे पटत नाही. ठरावीक रीतीने ओढणे आणि ढकलणे हेच विद्युत्‌भार असणे. ते सामर्थ्य वजा केले तर मागे भार म्हणून काही उरतच नाही. नियम बाहेरून लादलेले नसून गुणधर्मांच्या पोटातूनच निघतात.

बर्ड यांनी २००१ मध्ये यासाठी स्वयंपाकघरातले उदाहरण निवडले. मीठ पाण्यात विरघळते. हे निसर्गनियमांमुळे घडते, तेव्हा नियम वेगळे असते तर मीठ विरघळले नसते, असे सहज वाटते. पण मिठाचा स्फटिक टिकतो तो सोडियम आणि क्लोरीन यांच्या आयनांमधल्या विद्युत्‌आकर्षणामुळे, आणि पाण्याचे रेणू त्या आयनांना ओढून सुटे करतात तेही त्याच आकर्षणाच्या बळावर. हे आकर्षण काढून घेतले तर न विरघळणारे मीठ मिळत नाही, मीठच मिळत नाही. निदान या बाबतीत तरी मीठ आहे तिथे ते विरघळवणारा नियमही असणारच. या युक्तिवादावर उलट हल्ले झाले. आकर्षणाचे सूत्र किंचित बदलले, पूर्ण काढून टाकले नाही, तर काय, असे टीकाकारांनी विचारले. वादाचा मुद्दा मात्र ठळक झाला : नियम हे वस्तूंच्या वरचे राज्य आहे, की वस्तूंचा स्वभाव?

ही चर्चा खुर्चीत बसून करायची करमणूक वाटली, तर मध्य आफ्रिकेतल्या गॅबॉन देशातील ओक्लो या ठिकाणची हकिकत पाहावी. तिथल्या खाणीतून आलेल्या युरेनियमची १९७२ मध्ये फ्रान्समध्ये तपासणी झाली. नैसर्गिक युरेनियमात २३५ या समस्थानिकाचे प्रमाण ०.७२० टक्के असते, या नमुन्यात ते ०.७१७ होते. एवढ्याशा फरकावरून शोध सुरू झाला आणि कळले, की सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी तिथल्या खडकातच अणुभट्ट्या आपोआप पेटल्या होत्या. तेव्हा २३५ चे प्रमाण तीन टक्क्यांच्या वर होते आणि झिरपणाऱ्या भूजलामुळे न्यूट्रॉनांचा वेग मंदावत होता.

रशियन भौतिकशास्त्रज्ञ अलेक्झांडर श्ल्याख्तर यांना १९७६ मध्ये या राखेत एक घड्याळ दिसले. सॅमेरियम-१४९ हे अणुकेंद्र न्यूट्रॉन किती अधाशीपणे गिळते, ते विद्युत्‌चुंबकीय बलाच्या ताकदीवर फार नाजूकपणे अवलंबून असते. ती ताकद सांगणारा आकडा म्हणजे सूक्ष्मसंरचना स्थिरांक, साधारण १/१३७. ओक्लोच्या खडकात सॅमेरियम-१४९ किती उरले आहे हे मोजले, की दोन अब्ज वर्षांपूर्वी तो आकडा काय होता याचा अंदाज बांधता येतो. थिबो दामूर आणि फ्रीमन डायसन यांनी १९९६ मध्ये हा हिशेब पुन्हा तपासला. बदल झालाच असेल तर तो कोटीत एका भागाच्या आसपास, त्याहून मोठा नाही, असे निघाले. पुढे जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग येथील राष्ट्रीय मापनसंस्थेने इटर्बियमच्या घड्याळांची तुलना करून, वर्षाला होणाऱ्या बदलाची मर्यादा एक अब्जांशाच्या अब्जांशाइतक्या पातळीपर्यंत खाली आणली. बदल आढळला नाही.

अशी मोजमापे सुरू आहेत, कारण बदल अशक्य आहे असे भौतिकशास्त्र गृहीत धरत नाही. पॉल डिरॅक यांनी १९३७ मध्येच सुचवले होते, की गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक काळाबरोबर घटत असावा. समजा उद्या एखाद्या घड्याळाने १/१३७ या आकड्यात खरोखरच सरक दाखवली, तर तिन्ही पक्ष एकच नोंद तीन प्रकारे वाचतील. लुईस यांच्या पक्षाला फारसे काही गमवावे लागणार नाही : ठिपके वेगळे निघाले, गोषवारा नव्याने लिहायचा आणि त्यात काळ हेही एक चलपद घालायचे. आर्मस्ट्राँग यांच्या पक्षाला म्हणावे लागेल, की ज्याला नियम समजत होतो तो खालच्या थराचा होता, सामान्यांमधली खरी जोडणी आणखी खोल आहे. बर्ड आणि एलिस यांच्यापुढे सर्वांत अवघड प्रश्न उभा राहील. गुणधर्माची ओळख त्याच्या सामर्थ्यावरून होत असेल, तर दोन अब्ज वर्षांपूर्वी ओक्लोच्या खडकातल्या इलेक्ट्रॉनांवर आजचाच विद्युत्‌भार होता असे त्यांना म्हणता येईल का, की तो आजच्याशी फक्त मिळताजुळता, वेगळाच गुणधर्म होता?